पत्त्यांची जादू: विकत घ्यावी की घरी बनवावी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्त्यांच्या जादूबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी लावले आहेत. विषय एवढाच: समोर चार-पाच माणसं, मधे हातभर अंतर आणि हातात पत्त्यांचा कॅट. स्टेजवरची पेटी, करवत, कबुतरं यात नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण खालच्या बहुतेक उत्तरांत ते येणारच आहे. खान्देशातल्या माणसाने जादूचं सामान कमी विकत घ्यावं आणि जास्त स्वतः बनवावं. आपला प्रेक्षक लहानपणापासून पत्ते खेळत आलेला असतो. त्याच्या घरातल्या कॅटसारखाच कॅट तुमच्या हातात दिसला, तरच त्याला खरं आश्चर्य वाटतं.

1. सुरुवात करायला नेमकं काय काय घेऊ?

एकाच कंपनीचे, एकाच पाठीचे, एकाच रंगाचे दोन कॅट आणि घोंगडीचा किंवा जाड कापडाचा हातभर तुकडा. एक कॅट दाखवायला, दुसरा कापाकापीला. पाठी जुळत असल्या म्हणजे दुसऱ्या कॅटमधला कापलेला, चिकटवलेला पत्ता पहिल्यात बेमालूम मिसळतो. कापड यासाठी, की काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावरून एकटा पत्ता नखाने उचलता येत नाही आणि ती धडपड लोकांच्या डोळ्यांत भरते. तिसरा कॅट, वेगळ्या रंगाच्या पाठीचा, सहा महिन्यांनी घेतला तरी चालेल.

2. किराणा किंवा जनरल स्टोअरमधला साधा कॅट चालेल, की बायसिकलच हवा?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. बायसिकल हा अमेरिकेतला ब्रँड 1885 पासून निघतो. त्याचा कागद दोन थरांचा, मधे काळसर डिंक, त्यामुळे उजेड आरपार जात नाही. पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते आणि पत्ते एकावरून एक सहज सरकतात. रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन. आपल्याकडे रमीला वापरतात त्यातले बरेच कॅट सव्वादोन इंच रुंदीचे असतात. लहान तळहाताला ते उलट सोयीचे पडतात.

बायसिकलचा सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे. बाजारात मिळणारे तयार जादूचे पत्ते बहुतेक त्याच पाठीवर छापलेले असतात. अडचणही तिथेच सुरू होते. पारोळ्याच्या किंवा शहाद्याच्या ओट्यावर तुम्ही परदेशी कॅट काढलात, की पहिलंच वाक्य येतं, "हा जादूचा कॅट आहे भो, आपला आणू का?" म्हणून हात बसवायला बायसिकल जरूर घ्या. दाखवायला मात्र गावात मिळतो तोच कॅट वापरा आणि खास पत्ते त्याच्यातूनच बनवा. तसे पत्ते कुणी विकत नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

दुकानातला कॅट निवडताना आधी एकच घ्या. पाठीला चारही बाजूंनी पांढरी किनार आहे का बघा. ती असली की कॅटमध्ये उलटा गेलेला पत्ता कडेला लपतो. किनार नसलेल्या पाठीचा रंग कडेपर्यंत येतो आणि सगळं उघडं पडतं. पत्ता खिडकीसमोर धरा. पलीकडचे ठिपके दिसत असतील तर नको. कॅट पसंत पडला तर त्याच आठवड्यात त्याच दुकानातून आणखी तीन-चार उचला. पुढच्या मालात पाठीची छटा किंवा कटिंग थोडं बदललेलं निघू शकतं. पूर्ण प्लॅस्टिकचा कॅट घेऊ नका. त्याला थर नसतात आणि डिंकही नीट धरत नाही, त्यामुळे प्रश्न 7 मधलं काम त्यावर होत नाही.

3. आमच्याकडे जादूचं दुकान नाही. मग सामान कुठून आणायचं?

बायसिकल आणि तयार कॅट ऑनलाइन मिळतात. मुंबई-पुण्याकडे जाणं झालं तर तिथल्या जादूच्या दुकानात हाताळून घेता येतात. भुसावळ-जळगावहून मुंबईची रेल्वे सोयीची असल्यामुळे बरेच जण एखाद्या कामाला जोडून ही खरेदी उरकतात. परदेशातून थेट मागवलंत तर पार्सलवर कस्टम ड्यूटी पडते. ती धरून किंमत मोजा. ऑनलाइन पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढून ठेवा, कारण सील फुटलेला कॅट परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात. बनवायचं सामान म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, ग्लू स्टिक, नेलकटर. हे सगळं तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

4. जाहिरातीच्या व्हिडिओत भन्नाट दिसलेली ट्रिक मागवली, घरी काहीच जमेना. घेण्याआधी काय बघावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागचं दुःख खरं असतं, कारण त्यात बहुधा मुलाचा खाऊचा पैसा गेलेला असतो. जाहिरात एका कॅमेऱ्याच्या एका कोनातून घेतलेली असते. खान्देशातला प्रेक्षक तुमच्या भोवती कोंडाळं करून उभा राहतो, एखादा मागून खांद्यावरून वाकतो. म्हणून पहिला प्रश्न कोनाचा: मागून आणि बाजूने बघितलं तर चालतं का? व्हिडिओत प्रेक्षकाचे हात एकदाही दिसत नसतील, सगळं जादूगारच धरत असेल, तर ती ट्रिक बहुधा कॅमेऱ्यासाठीच बनलेली आहे.

दुसरं, खेळ संपल्यावर पत्ते तपासायला देता येतात का? आपल्याकडे तपासणी होतेच (प्रश्न 12 पाहा). तिसरं, एकदा दाखवल्यावर पुन्हा मांडायला किती वेळ लागतो? लग्नात एका घोळक्यातून दुसऱ्याकडे जाताना बाजूला जाऊन दहा मिनिटं पत्ते लावत बसता येत नाही. चौथं, टेबल लागतं का? ओट्यावर, रेल्वेच्या बर्थवर, शेतातल्या बाजेवर टेबल नसतं. व्हिडिओ मधेच तुटत असेल, प्रेक्षकाचं किंचाळणं आधी आणि हातातला पत्ता नंतर दिसत असेल, तर पैसे खिशात ठेवा.

मोठ्या सूट असलेल्या नकली मालापासूनही लांब राहा. त्यात कागद हलका असतो, पाठीचा रंग मूळ कॅटशी जुळत नाही आणि शिकवणारा व्हिडिओ तर नसतोच.

5. पहिला तयार कॅट कोणता घेऊ? स्वेंगाली, स्ट्रिपर की इनव्हिजिबल?

स्वेंगालीत अर्धे पत्ते एकच, म्हणजे समजा 26 वेळा बदाम राणी, आणि ते बाकीच्या 26 वेगवेगळ्या पत्त्यांपेक्षा किंचित आखूड. एकाआड एक लावलेले असल्यामुळे एका बाजूने फरफर सोडले तर सगळे वेगळे दिसतात, आणि प्रेक्षक कुठेही बोट घालो, बदाम राणीच येते. देखणा खेळ आहे. पण यात्रा-जत्रांत जादूचे पत्ते विकणारे पिढ्यान्‌पिढ्या हाच दाखवत आले आहेत, त्यामुळे चाळिशीपुढच्या माणसाला तो ओळखता येतो. लहान मुलांसमोर चालवा.

स्ट्रिपरचे पत्ते एका टोकाला जरासे निमुळते असतात. प्रेक्षकाचा पत्ता फिरून आत गेला की त्याची रुंद कड बोटांना लागते, आणि डोळे मिटूनही तो ओढून काढता येतो. हा कॅट वेगवेगळ्या 52 पत्त्यांचाच असल्यामुळे पसरून दाखवता येतो. माझ्या मते खान्देशासाठी पहिला हाच, आणि तो घरीही बनतो (प्रश्न 9).

इनव्हिजिबलमध्ये प्रेक्षक मनातल्या मनात पत्ता धरतो आणि कॅट पसरल्यावर नेमका तोच उलटा निघतो. परिणाम जबरदस्त, पण एका घोळक्यात एकदाच दाखवायचा आणि लगेच खिशात टाकायचा. कॅट हातात मागितला गेला तर अडचण आहे. दुसरा कॅट म्हणून घ्या.

6. शॉर्ट कार्ड घरी कसं करायचं?

शॉर्ट कार्ड म्हणजे बाकीच्यांपेक्षा अगदी थोडा आखूड पत्ता. अंगठ्याने कॅटची कड फरफर सोडली की त्या जागी बारीकसा "टक्" असा खटका जाणवतो. प्रेक्षकाचा पत्ता त्याच्या शेजारी गेला की तो कुठे आहे ते तुमच्या बोटांना कळलं.

लक्षात न राहणारा एखादा पत्ता घ्या, किलवर सत्तीसारखा. एक्का, राणी नको. स्टीलची पट्टी अरुंद कडेला समांतर ठेवा आणि नव्या ब्लेडने अर्धा मिलिमीटर उडवा. टोकदार पेन्सिलची रेघ असते ना, तेवढीच जाडी. सगळा काप एकाच टोकाला घेतलात तर तिकडची पांढरी किनार बारीक दिसते, म्हणून दोन्ही टोकांना पाव-पाव घ्या. कापल्यावर कोपरे टोकदार होतात. नेलकटरचा एक हलका चावा आणि नखाच्या कानशीचे दोन हात. आता पत्ता कॅटमध्ये घाला, चौकोनात ठोका आणि डोळे मिटून फरफर सोडा. खटका लागला नाही तर आणखी एक केसभर काढा. जास्त कापलं गेलं तर तो पत्ता सरावाला ठेवा आणि दुसऱ्या कॅटमधला घ्या. कॅट थोडा वापरून कडा मऊ झाल्यावर खटका अधिक स्पष्ट येतो.

7. दोन्ही बाजूंना पाठच असलेला पत्ता कसा बनवतात?

दोन पत्ते सोलून त्यांच्या पाठी एकमेकींना चिकटवायच्या. कोपरा नखाने चुरगाळला की थर सुटतात. इथे बहुतेकांचा पत्ता फुकट जातो, कारण ते हवा तो थर ओढतात. ओढला जाणारा थर गुंडाळला जातो, खाली राहणारा सपाट राहतो. म्हणून पत्ता टेबलावर पालथा नको, उताणा ठेवा, अंकाचा थर धरा आणि पत्त्याला जवळजवळ टेकवून मागे दुमडत हळूहळू ओढा. वर उचलून ओढलं तर फाटतो. दोन पाठी तयार झाल्या की आतल्या बाजूंना ग्लू स्टिक फिरवा. पांढरा पातळ डिंक नको. त्यातल्या पाण्याने पत्ता होडीसारखा वाकतो. कडा बोटांनी जुळवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वर रात्रभर पाटा ठेवा.

दोन्हीकडे अंक असलेला पत्ताही असाच, फक्त टेबलावर पालथा ठेवून पाठी सोलायच्या. सोलायला जोकर आणि कॅटसोबत येणारं जाहिरातीचं पान सरावाला उत्तम.

8. पत्ते एकमेकांना चिकटल्यासारखे एकत्र सरकतात, तो प्रकार कसा करतात?

दोन पत्त्यांच्या समोरासमोर येणाऱ्या बाजूंवर मॅट वार्निशचा स्प्रे अगदी हलका मारतात. हलक्या दाबाने पसरले की जोडी एकत्र राहते, अंगठ्याने जरा रेटलं की सुटते. हार्डवेअरच्या किंवा चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात हा स्प्रे मिळतो. हातभर लांबून दोन पातळ थर, मधे पुरतं वाळू द्यायचं.

आपल्या हवेत वेळ सांभाळावी लागते. वैशाखात दुपारी मारलात तर फवारा पत्त्यावर पोहोचेपर्यंतच वाळतो आणि पावडरीसारखा बसतो, वर धुरळा. सकाळी आठच्या आत मारा. पावसाळ्यात दमट हवेने वार्निश पांढुरकं पडतं. दिवाळी ते होळी हा या कामाचा हंगाम.

9. स्ट्रिपर कॅट प्रेसवर कापून मिळेल का?

मिळतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसवर कागदाचे गठ्ठे कापायचं मशीन असतं. पूर्ण कॅट चौकोनात ठोकून मशीनमध्ये अगदी थोडा तिरपा धरायचा आणि एका लांब कडेवरून पाचर काढायची, मग तसंच दुसऱ्या कडेवरून. निमुळतं टोक रुंद टोकापेक्षा एकूण एक मिलिमीटरने कमी, त्याहून जास्त नको. तिरकेपणा दोन्ही बाजूंना सारखा हवा, नाहीतर पाठीवरची किनार एकीकडे कलते. आधी कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर एक काप करून बघायला सांगा. कोपरे गोल करायचं पंच बऱ्याच प्रेसवर असतं. नसेल तर नेलकटर आणि संध्याकाळभराचा वेळ.

लग्नसराईत जाऊ नका. त्या दिवसांत प्रेसवाल्याला मान वर करायला फुरसत नसते.

10. काहीही न कापता, साध्या पत्त्यांवर आपोआप होणारी चांगली जादू सांगाल का?

सगळ्यांना ठाऊक असलेली 21 पत्त्यांची: तीन ओळींत वाटायचे, पत्ता कोणत्या ओळीत ते विचारायचं, ती ओळ मधे ठेवून गोळा करायचं, असं तीनदा. पत्ता अकरावा येतो. ती इतकी जुनी झाली आहे की पहिली ओळ मांडतानाच कुणीतरी "अकरावा!" म्हणतं.

तिचीच मोठी बहीण 27 पत्त्यांची आहे आणि ती फार कमी जणांना येते. फ्रेंच गणिती जेर्गोन यांनी 19 व्या शतकाच्या सुरुवातीला या प्रकारचं गणित मांडलं. प्रेक्षक पत्ता मनात धरतो आणि 1 ते 27 मधला एक आकडाही सांगतो. तीन वाटपांनंतर त्याचा पत्ता बरोबर त्याच क्रमांकावर निघतो.

रीत अशी. 27 पत्त्यांची गड्डी पालथी धरून पत्ते उताणे करत तीन ढिगांत एकेक वाटा. सांगितलेल्या आकड्यातून एक वजा करा. जे उरेल ते "एकं, तीन, नऊ" अशा घरांत मांडा, प्रत्येक घरात 0, 1 किंवा 2. आकडा 15 असेल तर उरले 14, म्हणजे नवाचं एक, तिनाचं एक आणि एकंचे दोन. पहिल्या वाटपानंतर ढीग गोळा करून गड्डी पालथी केल्यावर प्रेक्षकाच्या ढिगावर दोन ढीग असले पाहिजेत (एकंचं घर), दुसऱ्यानंतर एक (तिनाचं), तिसऱ्यानंतर एक (नवाचं). वरून पंधरावा पत्ता त्याचाच. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर करावा. मुलं तीनच्या पायावरची संख्यापद्धत खेळता खेळता शिकतात.

11. आमच्याकडचे लोक रोज रमी खेळतात, हाताकडेच बघतात. त्यांच्यापुढे काय टिकतं?

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव बसतात, झोपाळे एकीकडे आणि चटया दुसरीकडे. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात पोरांना शाळेच्या आधी येतात. असा प्रेक्षक दोन जागी डोळा ठेवतो: वाटताना खालचं पान वर येतंय का, आणि पिसताना खरंच मिसळतंय का. म्हणून तिथे काही करूच नका. पिसायचं काम त्यांनाच द्या. ते चांगलं पिसतात आणि त्यांना त्याचा अभिमान असतो.

पिसून परत घेताना कॅटचं सर्वांत खालचं पान ओझरतं बघून ठेवलं, की काम झालं. कॅट टेबलावर ठेवा, प्रेक्षकाला अर्धा उचलायला सांगा, उचललेल्यातलं वरचं पान त्याने बघून खाली उरलेल्या गठ्ठ्यावर ठेवायचं. मग हातातला भाग त्यावर. तुम्हाला ठाऊक असलेलं पान आता सगळ्यात खाली आहे, म्हणून एकदा आणखी काटून पूर्ण करायला लावा आणि मग पत्ते उताणे वाटत जा... इथे थांबून स्वतः चार वेळा करून बघा. तुमचं पान त्याच्या पानाला लागून येत नाही हे दिसेल. जागा बदलायची एकच: बघितलेलं पान प्रेक्षकाने खालच्या गठ्ठ्यावर न ठेवता हातातल्या गठ्ठ्यावरच परत ठेवायचं आणि खालचा गठ्ठा त्यावर टाकायचा. आता तुमचं पान नेमकं त्याच्या पानावर येतं, म्हणजे उताणे वाटताना तुमच्या पानामागून येईल ते त्याचं. मी हे असं लिहिलं, कारण वाचून पाठ झालेली रीत पहिल्या गडबडीत विसरते; चुकीची वाट हाताने करून बघितली की बरोबर वाट विसरत नाही.

आणखी एक. एका हाताने काटणं, पत्त्यांचा पंखा, हवेत उडवणं हे रमीच्या मंडळींपुढे टाळा. ते बघून ते म्हणतात "हात चलाख आहे", आणि पुढचं सगळं त्या खात्यात जमा होतं. हात जितका साधा, तितकी जादू मोठी. आपल्याकडे घरोघरी वरून थोडे थोडे पत्ते दुसऱ्या हातात सोडत पिसतात. जादूच्या साहित्यात जगभर त्या पद्धतीला "हिंदू शफल" म्हणतात आणि पत्ता निवडून देण्यासाठी ती खास शिकवली जाते. आपल्याला ती जन्मापासून येते, तिचा उपयोग करा.

12. प्रेक्षक मधेच कॅट हिसकावतो किंवा "दाखव बरं" म्हणतो. काय करू?

हिसकावणारा माणूस बहुधा वाईट नसतो, त्याला कामच दिलेलं नसतं. सुरुवातीलाच त्याला पुढे बसवा, पिसायला द्या, पाकीट धरायला द्या. खास पत्ता एकच असेल तर खेळ संपताना तो खिशात जाईल अशी वेळ साधा: कॅट पाकिटात भरताना, पाण्याचा ग्लास घेताना. मग उरलेला कॅट बिनधास्त देता येतो. प्रश्न 2 मध्ये गावातल्याच कॅटचा आग्रह धरला तो यासाठीही. खास कॅट पूर्णच वेगळा असेल, तर खिशात तशाच पाठीचा साधा कॅट ठेवा आणि पुढचा खेळ त्यावर करा.

13. मांडणीचा कॅट म्हणजे काय? तो पिसता येत नाही, मग लोकांना पटतं कसं?

पूर्ण कॅट एका ठरलेल्या क्रमाने लावायचा म्हणजे मांडणी. सर्वांत सोप्या रीतीत प्रत्येक पुढचा पत्ता तीनने मोठा आणि रंग किलवर, बदाम, इस्पिक, चौकट या क्रमाने: किलवर एक्का, बदाम चौकी, इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किलवर राजा, बदाम तिर्री, असं पुढे. गुलाम 11, राणी 12, राजा 13. प्रेक्षकाने काढलेल्या पत्त्याच्या वरचा पत्ता दिसला की त्याचा कळला.

कितीही वेळा काटा, क्रम तुटत नाही, तो गोल फिरतो. म्हणून चार जणांकडून कॅट काटून घ्या. काटणं आणि पिसणं यातला फरक प्रेक्षकाच्या आठवणीत पुसट होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच सांगतो, "सगळ्यांनी पिसला होता." घाईत पिसलेला कॅटही वाटतो तितका मिसळत नाही. पर्सी डायाकोनिस हे जादूगार होते, पुढे गणिती झाले. त्यांनी आणि डेव्ह बेयर यांनी 1992 मध्ये दाखवलं, की दोन भाग एकमेकांत फरफर घुसवून 52 पत्ते नीट मिसळायला सातेक वेळा पिसावं लागतं. वरून सोडत पिसण्याची आपली पद्धत त्याहून कितीतरी सावकाश मिसळते. मात्र रमीवाल्याने मांडणीचा कॅट खरोखर पिसला तर क्रम गेला समजा आणि प्रश्न 11 मधल्या खेळावर या.

14. समोरचा मोबाइलवर शूटिंग करतो. नंतर हळू करून बघतात. मना करू का?

मना करू नका, संशय वाढतो. प्रश्न 10 आणि 13 मधले गणिताचे खेळ करा. ते कितीही हळू करून बघितले तरी हातात काही सापडत नाही. हातचलाखीचा खेळ असेल तर शूटिंग करणाऱ्यालाच पत्ता निवडायला लावा. मग मोबाइल खाली जातोच.

15. उन्हाळ्यात पत्ते वाकतात, पावसाळ्यात फुगतात. शिवाय हातांचे डाग. कॅट टिकवायचा कसा?

मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. गाडीच्या डिकीत किंवा कारच्या काचेखाली ठेवलेला कॅट एका दुपारीत कमानीसारखा होतो. तो उलट बाजूला हलकेच वाकवून, पाकिटात घालून, पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवा. पावसाळ्यात झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा.

डागांचं जास्त जपा. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेतून आलेल्या हाताला चीक असतो. तो लागताना दिसत नाही, नंतर तपकिरी पडतो आणि जात नाही. मग तो पत्ता गावभर ओळखू येतो. भरीत पार्टीला तर जेवणानंतर कॅट काढूच नका, तेलाचं एक बोट पुरतं. तिथे जेवणाआधी दाखवा, किंवा पत्त्यांना हात न लावता नुसता मनात धरायला सांगा. आणि कॅट ही वापरून संपणारी वस्तू आहे हे मान्य करा. मळलेला कॅट सरावाला, नवा दाखवायला.

16. बोलणं अहिराणीत ठेवलं तर चालेल का?

चालेल, आणि धुळे-नंदुरबारकडे फार रंगतं. "एक पत्ता ले, ध्यानमा ठेव" आणि शेवटी "हाऊच शे ना तुना पत्ता?" एवढ्याने आज्या-मावश्यासुद्धा पुढे सरकून बसतात. इंग्रजी व्हिडिओतलं बोलणं पाठ करून म्हणू नका. लेवा पाटीदारांच्या पट्ट्यात त्यांची लेवा बोली ठेवा. जी बोली घरात येते तीच, उसनी नको.

17. घरचे म्हणतात पत्ते म्हणजे जुगार. पोलिसांचा त्रास होईल का?

कॅट जवळ बाळगणं किंवा जादू दाखवणं हा गुन्हा नाही. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा आहे आणि त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. म्हणून एक रेघ कधी ओलांडू नका: पैजेवर खेळ दाखवायचा नाही. "ओळखलंस तर शंभर देतो" हे गमतीतही नको. तीन पत्त्यांत राणी शोधायचा रस्त्यावरचा खेळ पैशावर मांडला की तो जादूचा राहतच नाही, उघड फसवणूक होते. सारंगखेड्याच्या किंवा अमळनेरच्या यात्रेत दाखवायचं असेल तर आधी आयोजकांना आणि पोलिसांना विचारा. घरच्यांची भीती मात्र खरी असते, कारण पत्त्यांपायी शेत गेलेलं त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना पहिला प्रेक्षक करा.

18. जादूटोणाविरोधी कायदा आमच्या खेळाला लागतो का?

महाराष्ट्रात 2013 चा कायदा चमत्काराचा दावा करून लोकांना ठकवणं, घाबरवणं, त्यातून पैसे कमावणं यावर आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. करमणूक म्हणून दाखवलेली जादू त्यात येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात, तीही हातचलाखीच असते, आणि तसं ते सांगतात. आडवळणाचा प्रसंग असा येतो: खेळ बघून एखादी बाई बाजूला घेऊन विचारते, "हरवलेली पोत कुठं आहे ते सांगा ना." तिथे हसू नका, गूढही बोलू नका. "मावशी, हा हाताचा खेळ आहे, मला यातलं काही कळत नाही," असं स्पष्ट सांगा.

19. मग जादू येणाऱ्याने आखाजीच्या रमीच्या डावात बसावं का?

बसू नये. हरलात तर कौतुक नाही, जिंकलात तर शंका. बिनपैशाच्या मेंढीकोटात बसलात तरी पत्ते वाटायचं काम दुसऱ्याला द्या.

20. विकत घेतलेली ट्रिक स्वतः बनवून मित्रांना दिली किंवा विकली तर?

शॉर्ट कार्ड, स्ट्रिपर, स्वेंगाली, मांडणी या शंभरेक वर्षांच्या सामायिक गोष्टी आहेत; बनवा, द्या, विका. एखाद्या हयात जादूगाराने अलीकडे काढलेली, त्याच्या नावाने विकली जाणारी ट्रिक मात्र स्वतःपुरतीच ठेवा. तिचा व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलणं. मित्राला फारच हवी असेल तर त्याला त्याची प्रत घ्यायला सांगा आणि सराव दोघं मिळून करा. शाळेतल्या मुलाला शिकवायचं असेल तर 27 पत्त्यांच्या खेळापासून सुरुवात करा. त्यात लपवायचं काही नाही आणि समजावण्यासारखं पुष्कळ आहे.